गुप्तरोगाबद्दल उघड बोलणारा गणिताचा प्राध्यापक

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव निघाले की बहुतेकांना संततिनियमन आठवते. पाठोपाठ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, कोर्टातले खटले आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव ही ओळख येते. त्यांच्या कामाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांविषयी सामान्य वाचकासाठी मराठीत मोकळेपणाने लिहिणाऱ्यांत ते अगदी पहिल्या फळीतले होते. ‘गुप्तरोगापासून बचाव’ हे त्यांचे पुस्तकच आहे. कर्वे डॉक्टर नव्हते. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, सरकारी पद नव्हते. तरीही आज सरकारी रुग्णालयात या आजारांची जी तपासणी आणि टेहळणी चालते, ती नीट चालायला जे लागते त्यातला अवघड अर्धा भाग या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. रोगाचा जंतू शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम. रुग्णाला लाज न वाटता तपासणीच्या दारापर्यंत येता यावे, हे काम कुणाचे? कर्व्यांनी ते आपले मानले.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे, आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी घरोघरी घडणारीच ही गोष्ट होती. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी विवाह केला आणि गावाने कुटुंबावर बहिष्कार घातला. समाज वाळीत टाकतो म्हणजे नेमके काय करतो, हे रघुनाथांनी अकराव्या वर्षी पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांनी या गोष्टीची भीती बाळगली नाही, यात नवल वाटायला नको.

अभ्यासात ते हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक म्हणून नोकरी करू लागले. १९११ मध्ये मालतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी विचार करून मूल होऊ दिले नाही. पुढच्या सगळ्या आर्थिक ओढाताणीत आणि लोकनिंदेत मालतीबाई त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या.

जंतू सापडला, पण रुग्ण सापडेना

कर्वे पदवीधर होऊन नोकरीला लागले तीच वर्षे या आजारांच्या विज्ञानातली सर्वांत घडामोडीची होती. परमा, म्हणजे गोनोरिया, याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्येच दाखवला होता. उपदंशाचे, म्हणजे गावाकडच्या भाषेत गरमीचे, कोडे मात्र सुटत नव्हते. हा रोग आपल्याकडे फिरंग्यांच्या पाठोपाठ आला अशी समजूत होती. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याचे नावच ‘फिरंग रोग’ असे आहे. उपचार पाऱ्याचा. त्यात रोगाइतकाच औषधाचाही त्रास असे. तोंड येणे, दात हलणे, मूत्रपिंडे बिघडणे हे सारे त्या उपचाराबरोबर येई.

१९०५ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी रुग्णाच्या व्रणातील द्रवात बारीक, मळसूत्रासारखा वळणदार जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट फॉन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताची चाचणी तयार केली. आता व्रण दिसत नसतानाही रक्तावरून उपदंशाचा संशय घेता येऊ लागला. या चाचणीची गंमत अशी, की ती ज्या तर्कावर उभी होती तो तर्क चुकीचा निघाला. वासरमानना वाटले होते, की रोगी अवयवाच्या अर्कात जंतूचा अंश असतो आणि रक्तातील प्रतिपिंडे त्याला चिकटतात. थोड्याच काळात लक्षात आले, की निरोगी अवयवाचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच होते. रक्त खरे तर एका स्निग्ध पदार्थाला प्रतिसाद देत होते. तो पदार्थ म्हणजे कार्डिओलिपिन. मेरी पँगबॉर्न यांनी तो १९४१ मध्ये वेगळा काढला आणि चाचणी अधिक भरवशाची झाली.

१९०९ मध्ये पाउल एर्लिश आणि साहाचिरो हाता यांना सोमलापासून बनवलेले ‘६०६’ क्रमांकाचे संयुग उपदंशावर लागू पडताना दिसले. १९१० मध्ये ते ‘साल्वरसान’ या नावाने बाजारात आले. म्हणजे पाच-सहा वर्षांत जंतू, चाचणी आणि औषध तिन्ही हातात आले. एखाद्या रोगाविरुद्धची लढाई इतक्या झपाट्याने पुढे सरकल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी आहेत.

तरीही रोग हटला नाही. उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ इंजेक्शने घेण्याचा होता, तो महाग होता, आणि त्यासाठी आधी आपल्याला काय झाले आहे हे कुणाला तरी सांगावे लागत होते. अडत होते ते इथेच.

पोलिसी टेहळणीचा धडा

हिंदुस्थानात या आजारांवर सरकारी नजर नव्हती असे नाही. इंग्रज फौजेतले शिपाई आजारी पडत, म्हणून १८६८ मध्ये सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यानुसार वेश्यांची नोंदणी होई, त्यांची सक्तीने शारीरिक तपासणी होई आणि रोगाचा संशय आला तर त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई. मुंबईतही हा कायदा लागू झाला होता. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नोंद नाही, तपासणीही नाही. शिवाय तेव्हा रक्ताची चाचणीच नव्हती. नुसत्या डोळ्यांनी पाहून कोण रोगी आणि कोण निरोगी हे ठरत असे. साहजिकच बायका तपासणी चुकवू लागल्या, लपू लागल्या. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

या प्रकरणातून सार्वजनिक आरोग्याला एक धडा मिळाला. तपासणी ही शिक्षा वाटली की लोक पळतात, आणि पळालेल्या लोकांचा आकडा कुठल्याच रजिस्टरात येत नाही. धडा कायद्याच्या पुस्तकातून गेला, तरी समाजाच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. हा रोग वाईट चालीच्या बाईकडून येतो, आणि ज्याला होतो तो पापी असतो.

कर्व्यांच्या तारुण्यातली मुंबई ही गिरण्यांची मुंबई होती. कोकणातून, देशावरून पुरुष येत आणि बायका-मुले गावी राहत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेहूनही कमी होती. सोलापुरातही १८७७ पासून गिरणीचा भोंगा वाजत होता. अशा शहरांत लैंगिक आजार फैलावणे हा नीतीपेक्षा राहणीमानाचा प्रश्न होता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा पुरुष, वर्षातून एकदा गावाकडे फेरी, आणि तेव्हा नकळत घरी नेलेला संसर्ग. गावी असलेल्या बायकोला काय झाले आहे हे तिला कुणी सांगत नसे. गर्भ पडे, मूल मेलेले जन्मे, आणि दोष तिच्या नशिबाला लागे.

पॅरिस आणि पुढे

१९१९ मध्ये कर्वे गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. महायुद्ध नुकतेच संपले होते. लाखो तरुण गमावलेल्या फ्रान्सला लोकसंख्या वाढवायची होती. म्हणून जुलै १९२० मध्ये तिथे गर्भनिरोधाच्या प्रचाराला बंदी करणारा कायदा झाला. पण त्या बंदीतून कंडोम सुटला. कारण तो मूल टाळण्याचे साधन असला तरी रोग टाळण्याचेही साधन होता, आणि परमा-उपदंशाने फ्रेंच सैन्य बेजार झाले होते. एकाच वस्तूची ही दोन कामे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. तेव्हा त्यांवर सरकारांचे धोरण हलत होते.

पॅरिसहून परतल्यावर १९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र उघडले ते त्याच वर्षी. कर्वे सल्ला देत, साधने पुरवत आणि पुस्तके लिहीत. विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवत होते. मिशनऱ्यांच्या या महाविद्यालयाला आपला प्राध्यापक असले काम करतो हे रुचले नाही. काम थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला. कर्व्यांनी नोकरी सोडली. पक्की मिळकत गेली, आणि पुढची सगळी वर्षे पैशाची चणचण राहिली.

त्यांची विचाराची रीत गणितज्ञाची होती. ते गृहीतक तपासत. लैंगिक संबंधातून दोन नको असलेले परिणाम होऊ शकतात, नको असलेली गर्भधारणा आणि रोग. दोन्ही टाळण्याचे उपाय विज्ञानाने दिले आहेत. मग ते माणसाला सांगायचे नाहीत, असे म्हणण्याला आधार काय? पाप, पुण्य आणि धर्म यांनी रोग थांबत नाही, जंतूचा मार्ग अडवल्याने थांबतो. ब्रह्मचर्य आणि संयम हाच एक उपाय, असे गांधीजींसह अनेक मोठी माणसे सांगत होती. कर्व्यांचे त्यांच्याशी उघड मतभेद होते. सगळी माणसे आयुष्यभर पाळू शकत नाहीत असा उपाय सार्वजनिक आरोग्याच्या कामाचा नाही, ही त्यांची भूमिका होती. आजचे कुठलेही आरोग्य खाते हेच धरून चालते.

प्रश्नोत्तरांचे मासिक

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. लिहायचे, छापायला द्यायचे, तपासायचे, पाठवायचे, जवळपास सगळा भार एकट्यावर. मासिकात लैंगिक आरोग्य, स्त्री-पुरुष संबंध, विवाह, आहार, धर्मचिकित्सा असे विषय असत. वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे हा त्याचा जीव होता. ज्या शंका माणूस आईबापांना, मित्राला किंवा कुटुंबाच्या डॉक्टरलाही विचारू शकत नव्हता, त्या तो पोस्टाने कर्व्यांना पाठवी. नाव छापले जाणार नाही आणि उत्तर सरळ मिळेल, एवढी त्याला खात्री असे.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर ही फार मोठी गोष्ट होती. रुग्णाची ओळख झाकायची, पण रोगाची झाकायची नाही, हे सूत्र कर्वे पाळत होते. आपली नेहमीची सवय नेमकी उलटी. गावात कुणाला काय झाले याची कुजबुज घरोघर पोचते, आणि तो आजार कसा होतो, कसा तपासतात, कसा बरा होतो, यावर कुणी तोंड उघडत नाही.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला आला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक शंका विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, आणि विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टाला तो पटला नाही. २०० रुपये दंड झाला. नोकरी सुटलेल्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. तरी पुढचा अंक निघाला आणि त्यातही प्रश्नोत्तरे होती.

कर्व्यांचे प्रत्येक मत आज जसेच्या तसे घ्यावे असे नाही. त्यांचे बरेचसे लेखन प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातले आहे, त्यामुळे त्या काळच्या उपचारांची माहिती आता कालबाह्य आहे. त्यांचा सूर तिखट असे आणि समोरच्याला पटवण्यापेक्षा खोडून काढण्याकडे त्यांचा ओढा असे. पण रोगाकडे रोग म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी जुनी झालेली नाही.

एका प्रयोगशाळेची दोन तोंडे

‘समाजस्वास्थ्य’ चालू असतानाच न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अमेरिकी सरकारची एक प्रयोगशाळा काम करत होती. तिचे नाव गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळा. इंग्रजी आद्याक्षरांनी व्हीडीआरएल. आपल्याकडे गरोदर बाईच्या तपासणीच्या कागदावर ‘व्हीडीआरएल’ असे लिहिलेले असते, ते याच प्रयोगशाळेचे नाव आहे. १९४३ मध्ये तिथे जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि ते लागू पडले. वर्षभराचा उपचार काही दिवसांवर आला. १९४६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून काचपट्टीवर करायची सोपी चाचणी बाहेर पडली. रुग्णाच्या रक्तद्रवात कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचे मिश्रण टाकायचे, काही मिनिटे हलवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात का ते पाहायचे. रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत गेले की प्रतिपिंडांचे प्रमाणही कळते. उपचारानंतर हे प्रमाण उतरते का, यावरून रोग आटोक्यात आला की नाही ते ठरते. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग अशा कारणांनीही ही चाचणी कधी कधी सकारात्मक येते. म्हणून जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करून खात्री करून घ्यावी लागते.

याच काळात, याच देशात, याच आजाराच्या संशोधनाच्या नावावर एक काळे काम चालले होते. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी परिसरात १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली जात होती. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्यांना सांगितले गेले नाही. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो, याची फक्त नोंद ठेवली गेली. हा प्रकार १९७२ मध्ये उघडकीस आला तेव्हा थांबला. त्यांचे रक्त तपासले जात होते, आकडे लिहिले जात होते, पण त्या आकड्यांमागच्या माणसाला कुणी उत्तर देत नव्हते.

कर्व्यांजवळ नेमके उलटे होते. तपासायला साधन नव्हते, पण विचारणाऱ्याला उत्तर मिळत होते. लैंगिक आजारांची टेहळणी करताना या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. एकटी प्रयोगशाळा टस्कीगीपर्यंत जाऊ शकते, आणि एकटे प्रबोधन आजार ओळखू शकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. अखेरपर्यंत ते मासिक काढत होते. त्या नोव्हेंबरच्या अंकाबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. जुलै १९२७ पासून २६ वर्षे ते चालले. आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या कंडोमच्या प्रचारासाठी कर्व्यांची नोकरी गेली, तो ‘निरोध’ या नावाने सरकारनेच १९६८ पासून स्वस्तात घरोघर पोचवायला सुरुवात केली.

चिंचोळीतला प्रश्न

आज या आजारांचे नाव बदलले आहे. गुप्तरोग न म्हणता लैंगिक संसर्ग म्हणतात. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, तिथे सल्ला आणि औषध मोफत मिळते. लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटे ठरलेली आहेत. उदाहरणार्थ, लिंगातून पू किंवा स्राव येत असेल तर करड्या रंगाचे पाकीट, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार सुरू होतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मर्यादाही आहे. ज्याला लक्षणेच नाहीत तो या जाळ्यात येत नाही, आणि अशा लोकांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात गोनोरिया, क्लॅमिडिया, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांच्या सुमारे ३७ कोटी ४० लाख नव्या घटना झाल्या. त्यांतल्या बहुतेकांना एक तर लक्षणे नव्हती किंवा दुर्लक्ष होईल इतकी सौम्य होती.

आता सोलापूर–पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीचा विचार करावा. कापड, रसायने, औषधांचा कच्चा माल अशा कारखान्यांत बाहेरगावाहून आलेले कामगार आहेत, मालाच्या गाड्यांचे चालक आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांची ही वस्ती जुन्या गिरणगावाशी थोडीफार नाते सांगते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक यांच्यासाठी स्वतंत्र काम केले जाते. याचा अर्थ आजार त्यांच्यामुळे पसरतो असा नाही. आजार ऑफिसात बसणाऱ्याला आणि बंगल्यात राहणाऱ्यालाही होतो. फरक इतकाच, की पाळीवर काम करणाऱ्याला दवाखान्यात जायचे तर एक रोज बुडवावा लागतो, आणि कशासाठी गेलो होतो हे मुकादमाला सांगावे लागते.

मग तो काय करतो? मेडिकलमध्ये जातो. हळू आवाजात काही तरी सांगतो आणि दोन-चार कॅप्सूल घेऊन येतो. जळजळ कमी होते आणि विषय मिटला असे त्याला वाटते. पण औषध अर्धवट असेल तर जंतू पूर्ण मरत नाहीत. उरतात ते त्या औषधाला पुरून उरणारे. गोनोरियाच्या जंतूचा तर या बाबतीत हातखंडा आहे. १९३० च्या दशकात त्याच्यावर सल्फाची औषधे चालत, पुढच्या दशकात ती निकामी होऊ लागली. मग पेनिसिलिन आले. १९७६ मध्ये पेनिसिलिनच मोडून टाकणारे वाण सापडले. नंतर सिप्रोफ्लॉक्सासिनची तीच गत झाली. आता भिस्त आहे ती सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन या गटावर, आणि त्यांना दाद न देणारे वाणही जगात काही ठिकाणी आढळले आहेत. उपदंशाचा जंतू त्या मानाने साधा. पेनिसिलिनला तो अजून मान तुकवतो. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते.

कुठल्या भागात कुठले औषध चालेनासे झाले आहे हे कळायला नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. गोनोरियाचा जंतू नाजूक असतो. स्राव वाळला की मरतो. त्याला ‘चॉकलेट अगार’ नावाचे, तापवलेल्या रक्तामुळे चॉकलेटच्या रंगाचे दिसणारे पोषकद्रव्य लागते आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा लागते. म्हणून तो वाढवून त्यावर औषधे तपासण्याचे काम मोजक्या केंद्रांत होते. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे त्यातले मुख्य, आणि महाराष्ट्रात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असे प्रादेशिक केंद्र आहे. एचआयव्हीच्या संशोधनासाठी पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती भोसरीच्या एमआयडीसीतच आहे. यंत्रणा आहे. पण मेडिकलमधून कॅप्सूल घेऊन परतलेल्या कामगाराचा नमुना तिच्यापर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेच्या लेखी तो रुग्ण झालाच नाही. असे शंभर जण झाले तरी आकडा शून्यच, आणि त्या शून्यावरून औषधाचे धोरण ठरले तर ते चुकणार.

टेहळणीत माणसाची ओळख जपता येते, हेही आपल्याकडे करून दाखवले आहे. देशातील एचआयव्हीचे प्रमाण समजण्यासाठी अनेक वर्षे गरोदर स्त्रियांच्या उपदंशाच्या चाचणीसाठी घेतलेल्या रक्तातले उरलेले रक्त वापरले गेले. त्यावरचे नाव-पत्ता काढून टाकलेला असे. आकडा कळे, बाई कोण ते कळत नसे. शिवाय स्वतःसाठी तपासणी करून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकीला ती वेगळी आणि मोफत उपलब्ध होती. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि रुग्णाची माहिती फोडण्यास मनाई केली आहे. ‘समाजस्वास्थ्य’ वाचकाचे नाव झाकून शंका छापत असे. हे तत्त्व तेच, आता ते कायद्यात आले आहे.

तेव्हा करायचे ते साधे आहे. लघवीला जळजळ, स्राव, जननेंद्रियावर व्रण, मग तो न दुखणारा असला तरी, जांघेत गाठ, ओटीपोटात दुखणे असे काही असेल तर दुकानातून गोळी न घेता सिव्हिलमधल्या किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जावे. जोडीदाराचाही उपचार त्याच वेळी करावा, नाही तर संसर्ग परत येतो. उपदंशाचा व्रण आपोआप भरून येतो, पण रोग जात नाही. तो पुढे हृदय, मेंदू आणि नसांपर्यंत पोचू शकतो. गरोदरपणी पहिल्याच भेटीत व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. वेळेवर दिलेले पेनिसिलिन पोटातल्या बाळाला वाचवते. आणि कारखान्यांनी वर्षातून एकदा होणाऱ्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर या विषयावर बोलायला अर्धा तास द्यावा. तपासणी मात्र ज्याच्या-त्याच्या इच्छेवर आणि गुप्त ठेवावी. तिचा अहवाल व्यवस्थापनाच्या टेबलावर जाता कामा नये.

कर्व्यांवर पुढे चित्रपट निघाला, नाटक आले, त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. पण ज्या दिवशी चिंचोळीतला एखादा कामगार ताप-खोकल्यासाठी सुट्टी मागावी तशी या आजारासाठी सुट्टी मागेल, आणि मुकादम वर न पाहता ती देईल, त्या दिवशी त्यांचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे म्हणता येईल.